समुद्र नसलेल्या गावाची वेबसाइट

वाचकाचं पत्र, थोडक्यात

फोंडा तालुक्यातल्या २४ वर्षांच्या एका वाचक मुलीचं हे पत्र आहे. बी. कॉम. झाल्यावर तिनं पणजीत वेब डिझाइनचा सहा महिन्यांचा कोर्स केला. पहिलं काम घरातलंच मिळालं. एका मोठ्या देवळाजवळ तिच्या मामांच्या आठ खोल्या आहेत. कुलदैवताच्या दर्शनाला मुंबई, पुणे, कोल्हापूरकडून येणारी कुटुंबं तिथं उतरतात. दीड महिना खपून तिनं मामांना वेबसाइट करून दिली. कोर्समधल्या मित्रमैत्रिणींनी वाहवा केली. पण तीन महिन्यांत साइटवरून बुकिंग जवळजवळ आलंच नाही. साइट बघून जे फोन करतात तेही 'दर काय?', 'जेवण मिळतं का?' एवढंच विचारतात. मामा म्हणतात, "मग ती साइट कशाला?" शिवाय मामांना लाल अक्षरं हवीत, वरून सरकत जाणारी ओळ हवी आणि फोन नंबर 'चांगला थोरला' हवा. ती लिहिते, "मामांना डिझाइन कळत नाही हे खरं, पण बहुधा मलाही तो 'डोळा' नाही." पुढे साठ हजारांचा आणखी एक कोर्स करायचा की पणजीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनची नोकरी धरून हे सगळं सोडून द्यायचं, असा तिचा प्रश्न आहे.

उत्तर

पत्रात तू मला ताई म्हटलंयस, तेव्हा मीही अहो-जाहो करत बसत नाही.

साइटचा पत्ता सोबत दिलास ते फार बरं केलंस. घरच्या कॉम्प्युटरवर मी ती मुद्दाम उघडली नाही. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीची वाट बघत उभी होते, तिथं फोनवर उघडली. फोन चार वर्षांचा जुना. आधी नुसतं पांढरं पान. मग मधोमध गरगरणारं चक्र. समोरून फेरी आली, स्कूटर उतरल्या, गाड्या उतरल्या, आणि तेव्हा कुठे फोटो उमटला: निळाशार समुद्र, पांढरी वाळू, वाकलेला माड. त्याच्यावर फिकट अक्षरांत इंग्रजीतून शांततेची महती.

बाय, तुमच्या तालुक्याला समुद्र कुठे गं?

मी हसले, पण त्यात निम्मं हसू माझ्यावरच होतं. २००५ साली मी ओळखीतल्या एका दुकानासाठी पहिली साइट केली, तेव्हा आत शिरण्याआधी फ्लॅश नावाच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं एक हलतं चित्र ठेवलं होतं. समई पेटते, घंटा वाजते, दार उघडतं. वीस सेकंद. गिऱ्हाइकाला हवी होती फक्त दुकान उघडायची वेळ. आयफोननं फ्लॅशला कधी उंबरठा ओलांडू दिला नाही आणि २०२० संपता संपता अडोबीनं त्याचा कारभारच बंद केला. माझी समई मात्र त्याच्या कितीतरी आधी दुकानदारानंच विझवायला लावली. तेव्हा मला त्याचा राग आला होता. दुकानदाराला डिझाइन कळत नाही, असं मीही म्हणून घेतलं होतं.

त्यामुळे 'डोळा नाही' हे तुझं म्हणणं मला पटत नाही. तुझे रंग एकमेकांशी भांडत नाहीत. मोकळी जागा मोकळी सोडायची तुला हिंमत आहे, आणि पहिल्याच कामात ती फार थोड्यांना असते. मला वेगळंच विचारायचंय. ही साइट तू केलीस कुणासाठी? पाहुण्यांसाठी, असं म्हणशील. पण पत्रात कौतुक लिहिलंयस ते मित्रमैत्रिणींचं. ते मोठ्या स्क्रीनसमोर बसून तुझी करामत बघायला आले होते. पाहुणा साइटवर येतो तो कोल्हापूरहून निघायच्या आदल्या रात्री, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातानं बॅग भरत. त्याला काही बघायचं नसतं, त्याला खोली हवी असते. तुझ्या साइटवरची जवळजवळ प्रत्येक चूक या दोघांच्या गल्लतीतून आली आहे. नवशिक्यांच्या बाकीच्या साइटीही मी बघते, तिथंही तेच.

तुला न विचारता मी एक उद्योग केला, राग मानू नकोस. आमच्या शेजारच्या काकू निवृत्त शिक्षिका, वय ६८, गुडघे कुरकुरतात, व्हॉट्सॲप मात्र माझ्यापेक्षा सराईतपणे वापरतात. त्यांच्याच फोनवर तुझी साइट उघडून दिली आणि म्हटलं, "सोमवारच्या पालखीला जायचंय असं समजा. दोघांसाठी एका रात्रीची खोली बघा." मग तोंड बंद ठेवलं. या प्रकारात तेच सगळ्यात अवघड असतं.

काकूंनी आधी समुद्राच्या फोटोवर बोट दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग खाली सरकत गेल्या. तुझा प्रत्येक भाग खालून तरंगत वर येतो. तो यायच्या आत काकू पुढे पोचलेल्या असायच्या, त्यामुळे त्यांना दिसला तो बराचसा कोरा कागद. 'अधिक जाणून घ्या' असं बटण पाच ठिकाणी आहे. त्यांनी दुसरं दाबलं, 'आमच्याविषयी' उघडलं, तिथं तळाशी लॅटिन भाषेतला परिच्छेद. लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायला ठेवलेला तो नमुन्याचा मजकूर, काढायचं राहिलंय तुझं. "हे काय, स्तोत्र आहे का?" काकूंनी विचारलं. परत मागे. अक्षर लागेना म्हणून दोन बोटांनी पान मोठं करायला गेल्या, तर होईना. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. चार मिनिटांनी पार तळाशी नंबर सापडला. त्यावर बोट दाबलं, तर फोन लागेना, कारण तो नंबर म्हणजे चित्र होतं. "पेन दे गं जरा," म्हणाल्या.

मामा 'थोरला नंबर' का मागतात, ते इथं कळलं ना? आता एकेक घेऊ.

पान मोठं न होण्याचं कारण तुझ्या साच्यात, म्हणजे तू उचललेल्या तयार टेम्प्लेटमध्ये आहे. पान फोनच्या रुंदीत कसं बसवायचं हे सांगणारी कोडमधली जी व्ह्यूपोर्टची ओळ, तिच्यात झूम बंद करणारे दोन शब्द कुणीतरी लिहून ठेवलेत आणि तू साचा तसाच उचललास. ते आजच्या आज काढ. अक्षर मुळात वाचवत का नव्हतं? तर रंगाच्या सहा अंकी कोडात सहाही जागी ९ असलेला तो राखाडी रंग पांढऱ्यावर बसवलास की दोघांतलं उजेडाचं प्रमाण भरतं जेमतेम २.८५ ला १. वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ लागतं आणि मोठ्या ठळक अक्षराला ३ ला १. '७६७६७६' हा राखाडी त्यात कसाबसा बसतो. हे प्रमाण मोजून देणारी साधनं ब्राउझरमध्येच असतात, डोळ्यावर विसंबायचं कारण नाही. तरी विसंबायचंच असेल तर मे महिन्यात दुपारी एक वाजता देवळाच्या आवारात उभी राहून वाचून बघ.

आता फोटो. तो समुद्र ५ एमबीचा आहे. हल्लीच्या फोनवर १२ मेगापिक्सेलचा फोटो काढलास तर तो साधारण ४००० बाय ३००० ठिपक्यांचा येतो. बघणाऱ्याच्या फोनची रुंदी मात्र बहुतेक वेळा हजार-बाराशे ठिपक्यांची. म्हणजे पेलाभर तहानेला टँकर. रुंदी १६०० वर आणून वेबपी या हलक्या फाइलच्या प्रकारात साठवलंस तर तोच फोटो दोनशे-तीनशे केबीत बसतो आणि कुणाला फरक कळत नाही. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये लिहून ठेव. नाहीतर फोटो उशिरा येतो, मजकूर खाली ढकलतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. गूगलच्या मापाप्रमाणे पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. फेरीबोटीची वेळ त्यात मोजत नाहीत.

आणि फोटो तुमचेच लाव. इंटरनेटवरून उचललेला फोटो कुणाच्यातरी मालकीचा असतो, ही एक गोष्ट. दुसरी अशी की पाहुण्याला माड माहीत आहे, खोली माहीत नाही. सकाळी दहाला खिडक्या उघडून खोलीचा फोटो काढ. बाथरूमचा काढ, लाजू नकोस, आई-वडिलांना घेऊन येणारा माणूस सगळ्यात आधी तोच शोधतो. पायऱ्यांचा काढ. देवळाच्या दारापासून तुमच्या फाटकापर्यंतच्या वाटेचा काढ.

तरंगत येणाऱ्या भागांबद्दल मी सरसकट 'काढून टाक' म्हणणार नाही. चवथीला घरी माटोळी बांधत असाल. नारळ, सुपाऱ्या, तोरिंगण, रानातली कसली कसली फळं, सगळी हौस तिथं होते. पण माटोळी गणपतीच्या डोक्यावर असते, तोंडासमोर कुणी दुधी टांगत नाही. एखादं बटण दाबल्यावर हलकेच रंग बदलला तर दाबलेलं कळतं, तेवढी हालचाल कामाची. बाकीची मूर्तीसमोर येते.

आता मजकूर. 'शांत वातावरण', 'उत्तम सेवा', 'घरगुती आपुलकी' अशा तीन चौकटी, प्रत्येकीवर एक चित्र आणि खाली दोन ओळी. मामांच्या खोल्यांचे गुण नेमके तीनच कसे निघाले? साच्यात चौकटी तीन होत्या म्हणून. साचा वापरण्यात कमीपणा नाही, मीही वापरते. फक्त साचा उघडायच्या आधी वही उघडायची. मामांजवळ एक दिवस बैस आणि फोनवर लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. दर काय? देऊळ चालत किती लांब? गरम पाणी किती वाजेपर्यंत? गाडी लावायला जागा आहे का? ड्रायव्हरची झोपायची सोय? रात्री उशिरा पोचलो तर दार उघडाल का? ही यादी म्हणजेच तुझं पहिलं पान. तू लिहिलंयस की साइट बघूनही लोक तेच प्रश्न विचारतात. विचारणारच, दरांचं एक चित्र आणि जेवणाचं पान सोडलं तर उत्तरं लिहिलेलीच नाहीत.

शब्दांकडेही बघ. जेवणाच्या पानावर तू मामांच्या तोंडचं 'शिवराक' लिहिलंयस. मला वाचून बरं वाटलं. पण पुण्याच्या माणसाला त्याचा पत्ता लागायचा नाही, आणि तो गूगलवर शोधणार 'शाकाहारी'. दोन्ही लिही. बटणावर 'अधिक जाणून घ्या'च्या जागी 'खोल्यांचे दर बघा' असं लिहिलंस की पुढे काय निघेल ते दाबण्याआधी कळतं.

आता कोर्समध्ये तुला बहुधा कुणीच न सांगितलेली गोष्ट. तिथं शिकवतात ते सगळं रोमन अक्षरांच्या हिशेबानं, आणि तुझे पाहुणे मराठी वाचतात. तुझ्या मथळ्यात अक्षरांमधलं अंतर वाढवलंयस. इंग्रजीत ते ऐटदार दिसतं, देवनागरीत शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्यावर आण. ओळींमधली जागा मात्र वाढव. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार; रोमनला पुरते ती जागा आपल्याला पुरत नाही आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. अक्षराच्या मापाच्या दीडपटीपासून सुरुवात कर, कमी वाटलं तर आणखी वाढव. तिरकी अक्षरं नकोत. देवनागरी फॉन्टात ती बहुधा नसतातच, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरकं करतो. ठळकपणाचंही तसंच. फॉन्टाची खरी ठळक प्रत जोडली नसेल तर ब्राउझर नुसती शाई जाड करतो आणि 'क्ष', 'ष्ठ' बुजून जातात. 'एक टाइप'चा मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट आहेत आणि त्यांत अनेक जाडी मिळतात. पानाच्या कोडमध्ये भाषा 'एन' अशी राहिली आहे, ती 'एमआर' कर. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दिलेले असतात, ते त्यामुळेच बाहेर येतात. न बघता ऐकणाऱ्यांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मग मराठी मराठीसारखं वाचतं.

दरपत्रक आणि नंबर यांचं चित्र का लावलंस, याचा माझा एक अंदाज आहे. छापखान्यातून आलेली फाइल जुन्या फॉन्टातली असणार, सगळीकडे एकसारखी उमटणारी युनिकोड अक्षरं येण्याआधीच्या. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली, म्हणून तू फोटो काढून लावून टाकलास. आम्ही सगळ्यांनी हे केलंय. पण चित्रातला नंबर लागत नाही, कॉपी होत नाही, आणि दर बदलला की नवं चित्र करावं लागतं. पानभर मजकूर आहे, एका संध्याकाळी टाइप होईल. नंबर दाबला की फोन लागेल अशी कडी दे, शेजारी व्हॉट्सॲपची दे. 'संपर्क करा'चा फॉर्म काढून टाक, कारण त्यातला निरोप ज्या ईमेलवर जातो तो मामा कधी उघडतात, हे तूच मला सांग.

मामांना डिझाइन कळत नाही म्हणतेस. त्यांना डिझाइनचे शब्द येत नाहीत, एवढंच. ते उपाय सांगतात. आपण मागचं दुखणं विचारायचं असतं. सरकती ओळ कशासाठी हवी, असं विचार. माझी पैज आहे, माघातल्या जत्रेला खोल्या आधी सांगून ठेवाव्या लागतात, हेच त्यांना ओरडून सांगायचं असेल. मग पानाच्या माथ्यावर एक स्थिर पट्टी पुरे. लाल अक्षरं हवीत म्हणजे 'माझं अक्षर दिसत नाही' ही तक्रार आहे, आणि ती २.८५ च्या राखाडीवरची रास्त तक्रार आहे. नंबर थोरला हवा यात तर ते सरळसरळ बरोबर आहेत. प्रत्येक मागणी मान्य कर असं मी म्हणत नाही. त्यांचा मोठा फोटो पहिल्या पानावर लावायची पाळी आली तर मी तुझ्या बाजूनं उभी राहीन.

एक चौकशीही कर. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे? पत्रावरून तुझ्याच वाटतंय, तुझ्याच ईमेलवर. उद्या तू बंगळुरूला गेलीस, तो ईमेल बघायचं सोडलंस, नूतनीकरणाची तारीख उलटली, की मामांची पाटी उतरलीच. माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं डोमेन असंच निसटलं आणि परत मिळालं नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत, म्हणून अजून जास्त टोचतं. नावनोंदणी मालकाच्या नावावर, पासवर्ड मालकाच्या वहीत, तारीख मालकाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात. घरच्या कामातही.

राहिला तुझा मूळ प्रश्न. साठ हजारांच्या कोर्सला मी लगेच नाही म्हणणार नाही, पण पैसे भरण्याआधी त्यांना ही साइट दाखव आणि विचार, 'यात काय चुकलंय?' फोनवर उघडून, दाबून बघून कुणी बोललं तर तिथं शिकण्यासारखं आहे. नुसते सॉफ्टवेअरच्या नावांचे पत्रक हातात ठेवलं तर घरी ये. पानं ज्यांत लिहितात त्या एचटीएमएल आणि सीएसएसचा पाया मोझिलाच्या एमडीएन या संकेतस्थळावर फुकट शिकता येतो. आणि हीच साइट मोडून पुन्हा केलीस तर त्यात तुझं निम्मं शिक्षण होईल.

रिसेप्शनची नोकरी? ती मी घेतली असती. तू ती माघार म्हणून लिहिलीयस, मला तसं दिसत नाही. घरी पगाराची गरज असेल तर विचारच नको. गरज नसली तरी पाहुणे काय विचारतात, कुठे अडतात, कशानं चिडतात, हे रोज आठ तास कानांवर पडेल आणि वर पगार मिळेल. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी साइट. सहा महिन्यांनी अशी दुसरी साइट करशील तेव्हा गोव्यातल्या लॉजवाल्यांना तुझ्याशी बोलताना बरं वाटेल. ही वाट थोडी दमवणारी आहे, हे खरं. दोन्ही रेटणं जमत नसेल तर आधी मामांची साइट दुरुस्त कर आणि मग हवं ते सोड.

नवी साइट झाली की मित्रमैत्रिणींना दाखवू नकोस. जेकब नील्सन या अभ्यासकानं २००० साली मांडलं होतं की पाच माणसांवर तपासून बघितलं तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात. तुझ्याकडे पाच सहज होतील: आई, मामी, देवळासमोरचा फुलवाला, एखादा टॅक्सीवाला आणि पुण्याकडची कुणी लांबची आत्या असली तर ती. प्रत्येकाला एकच काम दे, फोन त्यांचाच असू दे, आणि कितीही जीव तुटला तरी 'अगं, तिथं नाही, वर बघ' म्हणू नकोस. जिथं तुला ते म्हणावंसं वाटेल ती जागा वहीत लिही.

काकूंनी पेननं तुमचा नंबर खरंच उतरवून घेतलाय. माझं नाटक त्यांनी मनावर घेतलं. पुढच्या महिन्यात एका सोमवारी दोघं जायचं म्हणतात. तळमजल्यावर खोली आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी साइट वरपासून खालपर्यंत पाहिली, कुठे लिहिलेलं नाही. मामांना विचार आणि आज रात्रीच टाक.